ओल्या भिंतीची सीतामाई

करंजखळ्याच्या राममंदिरात सकाळी साडेदहालाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. निफाड तालुक्यातलं हे गाव द्राक्षांचं. एरवी जानेवारीत इथे माणसाला डोकं खाजवायला फुरसत नसते. पण गेला महिनाभर लोक बागा वाऱ्यावर सोडून सभामंडपात येऊन बसत होते, आणि तेही भिंतीकडे तोंड करून. राम, लक्ष्मण, सीता गाभाऱ्यात जिथल्या तिथे उभे होते. त्यांच्याकडे सगळ्यांची पाठ.

भिंत पांढरीफटक, नुसता चुना. तिच्यापुढे शांतिमौनी महाराज. नावात मौन, पण एकदा तोंडाचा पट्टा सुटला की आरतीपर्यंत थांबायचं नाव नाही.

"माईला कुणी रंगवलं नाही," महाराज सांगत होते. "ब्रश लागला नाही, हात लागला नाही. वनवासात माई पंचवटीतून फिरत फिरत इकडे आली, या जागी क्षणभर टेकली. त्या स्पर्शाची व्हायब्रेशन्स आहेत ही. परदेशातले शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन आले आणि हात जोडून परत गेले."

हे शास्त्रज्ञ गावात कुणालाही दिसले नव्हते. महिन्याभरात यंत्र घेऊन आलेला माणूस म्हणाल तर विजेचं मीटर वाचणारा, आणि तो चहा पिऊन परत गेला होता. पण विचारणार कोण? विचारलं की पाप लागतं, हे महाराजांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

मग शंख वाजला. महाराजांनी तांब्याच्या कलशात दुर्वांची जुडी बुडवली आणि भिंतीवर पाणी शिंपडायला सुरुवात केली. दोन थेंब शिंपडून थांबले नाहीत, चुना चांगला भिजेस्तोवर शिंपडलं. आणि खरोखर, पांढऱ्या भिंतीतून आधी दोन डोळे वर आले, मग नाक, कपाळावरचं कुंकू, आणि छातीशी उभा धरलेला एक तळहात. बायकांना रडू फुटलं. पुरुषांनी मोबाइल वर धरले.

"आशीर्वादाचा हात बघा," महाराज म्हणाले. "करंगळी वाकडी दिसते ना? लक्ष्मणरेषा ओलांडताना माईने मागे वळून जी खूण केली, ती ही मुद्रा."

भिंतीवरून ओघळलेलं पाणी खाली पितळी परातीत जमा झालं. ते तीर्थ. परातीशेजारी एक परडी होती, आणि तिच्यात फुलं नव्हती, गोळ्यांची पाकिटं होती. रक्तदाबाच्या, साखरेच्या, फिटच्या. माईचं तीर्थ घ्यायचं तर माणसाच्या औषधावरचा भरवसा आधी परडीत टाकायचा, असा महाराजांचा नियम. अर्ध्या तासाने माईचा चेहरा हळूहळू फिकट झाला आणि भिंत पुन्हा कोरी झाली. माई विश्रांतीला गेली, पुढचं दर्शन दीड वाजता.

मंडपाच्या दाराशी सुलाबाई उभी होती. ती दर्शनाला आली नव्हती, लेकीला शोधत आली होती. पल्लवी सासूच्या मांडीला टेकून पहिल्या रांगेत बसली होती, आणि ओंजळीतलं पांढुरकं पाणी पीत होती. पण सुलाबाईला धक्का बसला तो त्याच्याही आधी. भिंतीतून वर आलेला तो चेहरा तिचा स्वतःचा होता.

आता ही सुलाबाई कोण, ते सांगायला हवं. चोवीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर, नाथाबरोबर, पेठकडच्या डोंगरातून द्राक्षाच्या कामाला या गावात आली. मंदिर तेव्हा नवंकोरं होतं. भिंतीवर वनवासाचं चित्र काढायला नाशिकहून धम्मपाल नावाचा चित्रकार आणला होता. तो आठ दिवस नुसता बागांतून आणि मजुरांच्या झोपड्यांतून हिंडला. एक दिवस सुला चुलीपुढे नागलीची भाकरी थापत होती, तर म्हणाला, अशीच बस, मला सीता सापडली.

सुला लाजून मेली. देवाच्या जागी आमची तोंडं कशी शोभतील, असं तिने विचारलं.

"राजवाडा सोडून रानात आलेली माणसं ती," धम्मपाल म्हणाला. "स्वतः झोपडी बांधायची, लाकडं आणायची, चूल फुंकायची. चौदा वर्षं असं राहिल्यावर ती कुणासारखी दिसत असतील? गादीवर लोळणाऱ्यांसारखी, का तुमच्यासारखी?"

त्याने सगळं जसंच्या तसं काढलं. नागली कापताना लहानपणी विळा लागून वाकडी झालेली करंगळीसुद्धा. पायातली तुटक्या पट्ट्याची स्लिपरसुद्धा, पट्ट्याला लावलेल्या पिनेसकट. निदान चप्पल तरी नको, देव आहे तो, असं सुला म्हणाली. तर काटे काय माणूस बघून टोचतात का, असं म्हणून तो रंगवत राहिला.

चित्र उघडायच्या आदल्या दिवशी विश्वस्त पडदा बाजूला करून बघायला गेले आणि त्यांचा तिळपापड झाला. सीतामाईला मजुरणीचं थोबाड! अंगावर दागिना नाही, डोक्यावर मुकुट नाही. वर चित्रकाराचं नाव धम्मपाल, ते तर आधीपासूनच खुपत होतं. अर्ध्या दिवसात अख्ख्या भिंतीवर डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात बसले. चुना कालवायला पुढे होता तो अध्यक्षांचा वीस वर्षांचा मुलगा धनराज. धम्मपालची रंगांची पेटी रस्त्यावर फेकली. सुलाला बागेतून काढलं आणि तोंड उघडलंस तर गावात राहणार नाहीस असं बजावलं. ती दुसऱ्या बागेत कामाला लागली आणि हे कुणालाही बोलली नाही, पोटच्या लेकीलाही नाही. तिचं काहीएक चुकलं नव्हतं, तरी लाज तिलाच वाटत राहिली.

तोच धनराज आता अध्यक्ष आहे. शांतिमौनींना कळवणकडून त्यानेच आणलं. कुंभमेळा तोंडावर आलाय, नाशिकला येणाऱ्या भाविकांची वाट करंजखळ्यावरून जावी ही त्याची फार इच्छा. ज्या चेहऱ्याने देवाचा अपमान होत होता, त्याच चेहऱ्याची आता दिवसातून चार वेळा आरती. आणि त्या चेहऱ्याची बाई दाराशी उभी होती, तर स्वयंसेवक तिच्यावर खेकसत होता की बाई, चपला लांब काढा, मंदिर विटाळतं. तिला कुणी ओळखलं नाही. मजुरणीच्या तोंडाकडे बघतो कोण?

सुलाबाईला मात्र चेहऱ्याचं पडलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे होती ती लेकीची ओंजळ.

पल्लवीला क्षय झाला होता. दोन महिने सरकारी गोळ्या घेतल्या, ताप उतरला, अंग धरायला लागली. अजून चार महिने घ्यायच्या होत्या. पण गोळ्यांनी मळमळायचं, लघवी लाल व्हायची. ती तशी होतेच, घाबरू नका, असं नर्स संध्याताईंनी शंभरदा सांगितलं होतं. महाराजांनी एकदाच सांगितलं की सुनेचं रक्त वितळून चाललंय, आणि पल्लवीच्या सासूने, मंगलाबाईने, गोळ्या उचलून परडीत टाकल्या. बाई दुष्ट नव्हती हो. सुनेवर जीव होता म्हणूनच घाबरली. त्याला आज अकरा दिवस झाले होते.

संध्याताई घरी येऊन सांगून गेल्या होत्या की आत्ता चालू केल्या तर सावरेल, लांबवलं तर पुढे याच गोळ्यांना जंतू जुमानणार नाहीत. सुलाबाईला हे कुणी सांगायची गरज नव्हती. नाथा असाच गेला होता. बरं वाटतंय म्हणून तिसऱ्या महिन्यात त्याने गोळ्या सोडल्या, आणि मग कुठलंच औषध लागू पडलं नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी जाताना सुलाबाईच्याही मनात आलं, की देवाला आपलाच चेहरा आवडला असेल तर? माणूस आहे, येणारच मनात. पण बाई चौकस. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मंडपात जाऊन बसली आणि यावेळी तिने भिंत सोडून बाकीचं बघितलं. दोन मोठे उभे पंखे होते, आणि भर थंडीत दोन्ही फिरत होते. त्यांची तोंडं लोकांकडे नव्हती, भिंतीकडे होती. माईला वारा घालतात, असं महाराज म्हणाले. तिसऱ्या दिवशी आभाळ आलं आणि त्यात वीज गेली. त्या दिवशी माई दोन तास झाले तरी जाईना. महाराज म्हणाले, माई प्रसन्न आहे. सुलाबाईला आठवलं की आज आपलं लुगडंही वाळलेलं नाही.

ती तडक घरी आली. तिच्या झोपडीच्या भिंतीवर मलेरियाच्या फवारणीवाल्यांनी कधीतरी ऑइल पेंटने घराचा नंबर लिहिला होता, आणि दर दिवाळीला ती त्यावरून चुन्याचा हात फिरवायची. ओला चुना दिसत नाही, वाळला की पांढरा होतो, हे चुना देणाऱ्या कुठल्या बाईला ठाऊक नसतं? तिने भिंतीवर तांब्याभर पाणी मारलं. नंबर वर आला. ऊन लागलं, नंबर गेला. पुन्हा मारलं, पुन्हा आला. परदेशातल्या शास्त्रज्ञांना जे जमलं नाही, ते तिने एका तांब्यात केलं.

हे तिने आधी मंगलाबाईला शांतपणे सांगून पाहिलं. चित्र माझंच आहे, हेही सांगून टाकलं. मंगलाबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "विहीणबाई, पोरीच्या काळजीनं तुमचं डोकं फिरलंय. माई कुठं आन् तुमी कुठं." पल्लवीने मान खाली घातली. तिला खोकल्याची उबळ आली होती.

चौथ्या दिवशी दीडच्या दर्शनाला सुलाबाई पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आली. द्राक्षाच्या गावात पाठीवर पंप म्हणजे खांद्यावर टॉवेल असावा तसं, कुणी वळूनही बघत नाही. मंदिराचा जुना झाडूवाला पुंजा तेवढा बघत राहिला. पंपात सोळा लिटर नळाचं पाणी होतं.

महाराजांनी नेहमीप्रमाणे डोळे, नाक आणि हात भिजवला. माई आली. आरती सुरू होणार, एवढ्यात सुलाबाई परात ओलांडून पुढे गेली आणि पंपाचा दांडा मारायला लागली. महाराज ओरडले, तिला धरा. स्वयंसेवक धावले. पण भिंतीवर माईचा खांदा दिसायला लागला, पदर दिसायला लागला, आणि लोकांनीच स्वयंसेवकांना मागे ओढलं. महिनाभर नुसतं तोंड दाखवणारी माई आज पूर्ण दर्शन देतेय म्हटल्यावर कोण थांबू देणार? जयजयकाराने मंडप दणाणला.

मग पाणी खाली आलं तसा तो जयजयकार बारीक होत गेला. आशीर्वादाच्या हाताखाली दुसरा हात निघाला. दोन हातांच्या मध्ये भाकरी होती. माई आशीर्वाद देत नव्हती, भाकरी थापत होती. समोर चूल, काटवट, फुंकणी. आणि मांडी घातलेल्या पायातून अर्धवट सुटलेली निळ्या पट्ट्याची स्लिपर, पट्ट्याला पिन.

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. चुना आता ओघळून खाली वाहत होता. सुलाबाईने नळी उजवीकडे वळवली. खांद्यावर मोळी घेऊन येणारा राम वर आला, घामाने भिजलेला, हसणारा. तिथे मात्र तिचा हात थांबला. चोवीस वर्षांत ती हे विसरूनच गेली होती. नाथाचा तरुणपणीचा एकही फोटो तिच्याकडे नव्हता. तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसलेही नाहीत. भिंतीच्या कोपऱ्यात सगळ्यात शेवटी अक्षरं उमटली. धम्मपाल, नाशिक, २००१.

सुलाबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिने चित्रातल्यासारखा हात वर धरला. वाकड्या करंगळीचा.

"ही म्या हाय," ती म्हणाली. "चोवीस वर्साखाली धम्मपाल सरांनी काढलेली. तुमच्या अध्यक्षांनी सोताच्या हातानं चुना कालवून बुजवलेली. चुना ओला झाला का आतलं दिसतं, वाळला का झाकतं. तुमी सगळे घरी चुना देता. एकाच्याबी ध्यानात आलं नाय?"

धनराज काहीतरी बोलायला गेला, पण मागून पुंजाचा आवाज आला. "बाई खरं सांगती. मागच्या रामनवमीला म्या पाइप लावून भिंत धूत व्हतो, तवा हे तोंड दिसलं. धनराजभाऊंना म्याच दाखवलं. भाऊ म्हनले, गप ऱ्हा."

शांतिमौनी महाराजांनी त्या दिवशी पहिल्यांदा मौन पाळलं. पाळत पाळत ते मागच्या दाराकडे सरकले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण धनराज म्हणजे पक्का तयारीचा गडी. त्याने काय करावं? सरळ पुढे येऊन सुलाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो माई," तो गहिवरून म्हणाला. "तू गावातच होतीस, मजुरणीच्या रूपात. आम्ही ओळखलं नाही."

आणि लोक उठले हो. एवढं डोळ्यांनी पाहून, कानांनी ऐकून उठले. रंग म्हणजे रंग आणि चुना म्हणजे चुना हे मानण्यापेक्षा बाईला देवी करणं त्यांना सोपं वाटलं. पाच-सहा जणींनी सुलाबाईच्या ओल्या पायांचं पाणी डोळ्यांना लावलंसुद्धा. त्यांत मंगलाबाई होती.

"माई, मला माफ करा," मंगलाबाई हात जोडून म्हणाली. "तुमी सांगा. तुमी सांगितलं तर पल्लवी आत्ता गोळी घेईल. तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाय आमी."

सुलाबाई तिच्याकडे बघत राहिली. एवढंच तर तिला हवं होतं. नुसतं हो म्हणायचं, डोक्यावर हात ठेवायचा, की लेक वाचली. दोन आठवडे खोट्याने लेकीला मरणाकडे ढकललं, मग तेच खोटं आज कामाला आलं तर बिघडलं कुठे? कुणीही म्हटलं असतं हो.

तिने पाय मागे घेतले. "उठा विहीणबाई. मी सांगते म्हणून घेतली, तर उद्या दुसरा कुणी माई होईल आन् सोड म्हणंल. मग सोडाल. सून बरी व्हती का नाय, ते माझ्या तोंडाकडं बघून नाय कळायचं. थुंकी तपासून कळतं. दोन महिन्यांत जंतू कमी झाले, ते कागदावर हाय. तो कागद तुमच्याच घरात हाय."

एव्हाना पल्लवी सासूला सोडून भिंतीपाशी आली होती आणि मोळीवाल्या रामाकडे एकटक बघत होती.

"आये, हा बा हाय?"

"तुझाच बा," सुलाबाई म्हणाली. "या भिंतीवर राम झाला. आन् गोळ्या सोडल्या म्हणून मेला. राम झालेला वाचला नाय, तू ते पांढरं पाणी पिऊन वाचणार हायेस?"

पल्लवी रडायला लागली. रडत रडतच ती खाली बसली, परडी पुढे ओढली आणि आपलं पाकीट शोधायला लागली. पाकिटं एकात एक मिसळली होती, सापडेना. मग मंगलाबाई तिच्याशेजारी बसली. तिनेच टाकलं होतं, तिला रंग आठवत होता. सापडल्यावर मंगलाबाई स्वतः उठून बाहेरच्या नळावर गेली आणि स्वच्छ पेला भरून घेऊन आली.

भिंत वाळली तरी यावेळी चित्र गेलं नाही, चुनाच वाहून गेला होता. सीता भाकरी थापत राहिली, राम मोळी घेऊन उभा राहिला. त्यांच्यात देवपण होतं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, त्याबद्दल सुलाबाईचं काही म्हणणं नव्हतं. चुन्याच्या पाण्याने रोग बरा होत नाही, एवढंच तिचं म्हणणं.

धनराज अजून जमिनीवर डोकं टेकून होता, पण आता त्याच्यापुढे पाय कुणाचेच नव्हते. लोक एकेक करून परडीशी येत होते, इकडेतिकडे बघत, खाली मान घालून. सुलाबाईने संध्याताईंना बोलावणं धाडलं होतं. त्या आल्या, परडी बघून त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या.

"घाई करू नका," त्या म्हणाल्या. "चष्मे लावा. पाकिटावरचं नाव नीट वाचा, तारीख वाचा, कळलं नाही तर मला विचारा. न वाचता कुणीही काहीही तोंडात घालायचं नाही."

महिनाभरात पहिल्यांदाच त्या मंडपात लोक विचारायला लागले.